मेडनकरी

वास्कोत मेडनकरी ओळखायला टी-शर्टचा उपयोग नाही. काळा टी-शर्ट इथे कोणीही घालतो. बंदरातल्या कोळशाची भुकटी पांढऱ्यावर दिसते, म्हणून घरातल्या बायकाच पुरुषांना काळे कपडे घेऊन देतात. मेडनकरी ओळखायचा तो एका प्रश्नावरून. आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बममधलं कुठलं गाणं तुला ऐकवत नाही, एवढंच विचारावं. ‘सगळीच छान आहेत’ असं उत्तर आलं, तर माणूस पाहुणा आहे असं समजावं, चहा पाजावा आणि वाटेला लावावं. पण समोरच्याने खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून पुसला आणि ‘ऐकवत नाही म्हणजे कसं बघा...’ अशी सुरुवात केली, तर तुमची संध्याकाळ गेली.

आमचे दाजी या दुसऱ्या प्रकारातले. मूळचे पेडण्याकडचे. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली मुरगाव पोर्ट ट्रस्ट उभा राहिला आणि पेडणे-डिचोलीकडची शिकलेली पोरं नोकरीसाठी नद्या ओलांडून वास्कोत आली. त्यांत दाजींचे वडील होते. येताना त्यांनी एक हार्मोनियम आणली आणि नाट्यसंगीताविषयीची ठाम मतं आणली. दाजींनी हार्मोनियम घेतली, ठामपणाही घेतला. विषय तेवढा बदलला.

तो बदलला शेजारच्या तारवटीमुळे. बोटीवरची माणसं सुट्टीवर येताना साबण, चॉकलेटं, टू-इन-वन असं काहीबाही आणत. याने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एक एलपी आणला. आयर्न मेडन हा लंडनचा बँड; त्याचा हा तिसरा अल्बम २२ मार्च १९८२ रोजी बाहेर पडला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. गाणी आठ, दोन्ही बाजूंना चार-चार, सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. एवढ्याशा ऐवजावर माणसं चाळीस वर्षं भांडू शकतात हे त्या तारवटीला आधी कळलं असतं, तर त्याने चॉकलेटंच आणली असती. दाजींनी एलपी कॅसेटवर उतरवून घेतला आणि कॉलेजला जाणारा एक सालस मुलगा घरच्यांच्या हातून गेला.

घरात विरोध होईल अशी दाजींची फार इच्छा होती. बंडखोराला विरोध लागतोच. कव्हरही त्या लायकीचं होतं. डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेला एडी नावाचा हाडकुळा, भेसूर प्राणी वर उभा राहून सैतानाला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतो आहे, आणि तो सैतान खाली एका छोट्या एडीला नाचवतो आहे. अमेरिकेत धार्मिक मंडळींनी या अल्बमच्या होळ्या केल्या. काहींनी म्हणे जाळण्याऐवजी रेकॉर्डी हातोड्याने फोडल्या, कारण जळत्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट. धर्म राखायचा, पण दमा नको. पेडण्याच्या घरात मात्र हे कव्हर दाजींच्या आजीच्या हाती लागलं. जत्रेत रात्र रात्र दशावतार पाहत म्हातारी झालेली बाई ती. काळ्या झग्यातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर तिने लहानपणापासून पाहिलेला. वेताळ तर आमच्याकडे गावोगावचा देव. तिने कव्हर उजेडाकडे धरलं आणि विचारलं, ‘हो खंयचो वेताळ रे?’

‘लंडनचो.’

‘बरोच पयस रे बाबा,’ म्हणून तिने ते परत दिलं आणि तांदूळ निवडायला घेतले. दाजींच्या बंडखोरीला घरातून मिळालेला हा एवढाच प्रतिसाद.

त्या कव्हरवरचं आकाश हा मेडनकऱ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. एलपीवर ते निळं होतं. ते म्हणे छपाईत चुकलं. चित्रकाराच्या मनात काळं होतं, आणि १९९८ च्या नव्या आवृत्तीत ते काळं करण्यात आलं. दाजी निळ्या आकाशाचे. ‘चूक असेल, पण आमच्या वेळची चूक आहे,’ असं त्यांचं म्हणणं. काळ्या आकाशाचा एकच माणूस त्यांच्या बैठकीत येतो आणि तो शक्यतो हा विषय काढत नाही.

बैठक भरते दाजींच्या गॅलरीत, रविवारी. कायमचे सभासद चार. दाजी स्वतः. भजनी सप्ताहात त्यांच्या पेटीला साथ करणारा पखवाजवाला. डिचोलीकर म्हणून एक गृहस्थ, ज्यांचं आयुष्य खनिजाच्या धंद्यात गेलं. आणि मुंडवेलचे एक ख्रिस्ती सद्गृहस्थ, ज्यांना सगळे पात्रांव म्हणतात; ते चर्चच्या गायकवृंदात गातात आणि काळं आकाश त्यांचंच. शीर्षकगीताच्या सुरुवातीला बॅरी क्लेटन या नटाच्या आवाजात एक उतारा वाचला जातो. तो बायबलातल्या प्रकटीकरणाचा, बाराव्या आणि तेराव्या अध्यायातला, हे पात्रांवनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हापासून सैतानाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. निर्माता मार्टिन बर्च याच्या गाडीला रेकॉर्डिंगच्या काळात अपघात झाला आणि दुरुस्तीचं बिल नेमकं ६६६ पौंड आलं, असा एक किस्सा सांगतात. तोही पात्रांवच रंगवून सांगतात. बर्चने म्हणे घाबरून बिल ६६७ करून घेतलं. ‘देवाक भियेलो, मेकॅनिकाचो फायदो जालो,’ एवढं म्हणून ते हसतात. बाकी वादात ते फारसे पडत नाहीत. कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्रीसारखे ऐकून घेतात.

वादाचं खरं मूळ डिचोलीकर. ते डिआनोपंथी. मेडनचे पहिले दोन अल्बम पॉल डिआनोने गायले, १९८० चा आणि १९८१ चा ‘किलर्स’. मग तो गेला आणि सॅमसन नावाच्या बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला. ‘बीस्ट’ हा डिकिन्सनचा पहिला अल्बम. म्हणजे दाजींच्या हिशेबाने जिथे मेडन सुरू झाला, तिथे डिचोलीकरांच्या हिशेबाने तो संपला. डिचोलीकरांची बाजू त्यांच्या धंद्यातून आलेली. सारमानसच्या धक्क्यावर बार्जमध्ये खनिज भरून मांडवीतून मुरगाव बंदरात आणण्याच्या कामावर त्यांनी उमेद घालवली. त्यांचं म्हणणं, डिआनो म्हणजे खाणीतून काढलेला दगड, मातीसकट. डिकिन्सन म्हणजे पोलाद. चकचकीत आहे, मान्य, पण ते जपानात बनतं, डिचोलीत नव्हे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि डिचोलीकरांना सवडच सवड झाली. खाणबंदीचे परिणाम मोजायला पुष्कळ समित्या बसल्या. दाजींच्या गॅलरीवर झालेला परिणाम कोणी मोजला नाही.

दाजींचं उत्तर ठरलेलं. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या चार ओळी बर्चने डिकिन्सनकडून तासन्‌तास गाऊन घेतल्या. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. शेवटी वैतागून त्याने जी किंकाळी फोडली, ती त्या गाण्यातली. ‘गुरू असो गुरू असो म्हणतात तो हाच,’ दाजी म्हणतात. ‘तुमच्या डिआनोला कोणी चार ओळींवर बसवून ठेवलं असतं, तर तो उठून बारमध्ये गेला असता.’

‘गेला असता. आणि तिथे चांगला गायला असता,’ डिचोलीकर.

हा वाद पुढे सरकत नाही, कारण सरकावा असं दोघांनाही वाटत नाही. दाजींच्या घराण्यात अशा वादाची परंपरा आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केला. भामिनी गंधर्व, धैर्यधर केशवराव. त्या रात्री कोणाचं गाणं वर झालं, यावरून दाजींच्या आजोबांनी सख्ख्या मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं. दोघेही त्या रात्री पेडण्यात होते. न ऐकलेल्या गाण्यावर इतकं प्रामाणिक वैर धरणारी माणसं ज्या रक्तात आहेत, तिथे ऐकलेल्या गाण्याचं काय सांगावं?

पण डिआनो-डिकिन्सन हा झाला दर्शनी भाग. गाभाऱ्यात आहे ‘गँगलँड’.

‘गँगलँड’ हे अल्बममधलं सातवं गाणं. त्याच्या आधी ‘रन टू द हिल्स’, त्याच्या नंतर ‘हॅलोड बी दाय नेम’. दोन्ही बाजूंना ही गाणी असताना मध्ये हे काय, हा दाजींचा आयुष्यभराचा प्रश्न. ‘हॅलोड’ची स्तुती दाजी कधीच करत नाहीत. ते त्यांना हलकं काम वाटतं. फाशी जायला निघालेल्या माणसाचं ते गाणं सात मिनिटांचं आहे आणि ते थोर आहे हे पोराटोरांनाही कळतं. भक्ती पणाला लागते ती ‘गँगलँड’पाशी. ते का पडलं, कुठल्या मात्रेला पडलं, कोणामुळे पडलं, आणि त्याच्या जागी काय हवं होतं, हे सांगता आलं पाहिजे. त्याच्या जागी हवं होतं ‘टोटल इक्लिप्स’. हे गाणं याच वेळी रेकॉर्ड झालं आणि ‘रन टू द हिल्स’च्या छोट्या रेकॉर्डीच्या मागच्या बाजूला गेलं. निवड घाईत झाली. खुद्द बँडचा कर्ताधर्ता स्टीव्ह हॅरिस यानेच पुढे बोलून दाखवलं की ‘गँगलँड’ऐवजी ते असतं तर अल्बम उजवा झाला असता. हॅरिस आपल्याशी सहमत आहे, हे दाजी ज्या सुरात सांगतात त्यावरून वाटावं, की हॅरिसने आधी वास्कोत फोन करून विचारलं होतं.

‘गँगलँड’चा वकील पखवाजवाला. एरवी मितभाषी माणूस. भजनात काय किंवा मेटलमध्ये काय, त्याला फक्त ताल ऐकू येतो. गाणारा त्याच्या लेखी वेळ सांगायला ठेवलेला माणूस. या अल्बमवर ड्रम्स आहेत क्लाइव्ह बरचे, आणि मेडनमधला त्याचा हा अखेरचा अल्बम. पुढे निको मॅकब्रेन आला. ‘गँगलँड’च्या लेखनात बरचं नाव आहे, गिटारिस्ट एड्रियन स्मिथच्या जोडीने. ‘तालवाल्याने रचलेलं गाणं म्हणून तुम्हाला खुपतं,’ हा पखवाजवाल्याचा आरोप. त्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही; सप्ताहातही दाजी ठेका धरू देतात, पण उठाव स्वतःच्या हाती ठेवतात. बर पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसने आजारी पडला आणि १२ मार्च २०१३ रोजी गेला. तेव्हा तीन दिवस ‘गँगलँड’विषयी वाईट बोलायचं नाही असं बैठकीत ठरलं. दाजींनी दोन पाळले.

मेडन भारतात पहिल्यांदा आला तो १७ मार्च २००७ ला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. वास्कोहून यशवंतपूरच्या गाडीत ही चौकडी बसली. घाट चढेपर्यंत डिकिन्सन, हुबळीपर्यंत ‘गँगलँड’, पुढे डबा झोपला म्हणून कुजबुजत निळं आकाश. कार्यक्रमात डिचोलीकर हाताची घडी घालून उभे होते. डिकिन्सनसाठी टाळी वाजवायची नाही असं त्यांनी घरून ठरवून आणलेलं. पण मेडनच्या कार्यक्रमात बँडच्याच नावाचं १९८० चं गाणं होतंच होतं. ते सुरू झालं आणि घडी सुटली. डिचोलीकर असे ओरडले, की परतीच्या प्रवासात त्यांना खुणांनी वाद घालावा लागला. पाण्याचा घोट घेऊन घेऊन त्यांनी एक वाक्य कसंबसं बाहेर काढलं: ‘गाणं आमचंच होतं, आवाज तेवढा भाड्याचा.’

पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, मेडनच्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. बँड स्वतःच्या बोइंग ७५७ मधून आला आणि ते चालवणाऱ्यांत गायक स्वतः होता, कारण डिकिन्सन हा खराखुरा व्यावसायिक वैमानिक. दाजी या वस्तुस्थितीचा उपयोग गायकीच्या समर्थनार्थ करतात. दाबोळीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर असताना विमान तिथे उतरलं नाही याचं त्यांना वाईट वाटतं. डिचोलीकरांना वाटत नाही.

नव्या पिढीचा प्रतिनिधी म्हणजे दाजींचा पुण्यातला भाचा. तो सुट्टीत येतो, मोबाइलवर मेडन लावतो आणि म्हणतो, ‘मामा, भारी आहे, पण आवाज जरा पातळ नाही वाटत? आणि खरं तर ‘पॉवरस्लेव्ह’ जास्त चांगला.’ ‘पॉवरस्लेव्ह’ १९८४ चा. आता यात वाद घालण्यासारखं खूप होतं; पण भाच्याच्या मोबाइलवर गाणी उलटसुलट लागतात. आधी ‘हॅलोड’, मग ‘इन्व्हेडर्स’. फाशी आधी आणि सुरुवात नंतर. दाजींनी त्याला जेवायला वाढलं, स्टेशनवर सोडलं, पण मताला उत्तर दिलं नाही. काही माणसांशी मतभेदसुद्धा होऊ शकत नाही.

आणि मग नोव्हेंबर २०२२ मध्ये घात झाला. चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून बँडने अल्बमची नवी रेकॉर्ड काढली, आणि तिच्यात ‘गँगलँड’ काढून टाकून त्या जागी ‘टोटल इक्लिप्स’ बसवलं. दाजी जिंकले. पूर्ण, निर्विवाद, लंडनच्या सहीशिक्क्यानिशी जिंकले. बैठकीत ही बातमी पात्रांवनी सांगितली तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता पेढे येतील. दाजी आत गेले, पाणी पिऊन आले, बसले आणि म्हणाले, ‘त्यांना कोणी सांगितलं होतं?’

तुम्हीच, असं सांगायचं धैर्य कोणाला झालं नाही.

‘वाईट होतं, पण अल्बममधलं होतं,’ दाजी म्हणाले. ‘घरात एक काका वेडा असतो म्हणून त्याचं नाव वंशावळीतून खोडतात काय? ‘गँगलँड’ तिथे होतं म्हणून ‘हॅलोड’ एवढं वर दिसत होतं. आणि ड्रम्स ऐका त्यातले. तुम्ही लोकांनी कधी नीट ऐकलंय?’ हे त्यांनी पखवाजवाल्याला विचारलं. पखवाजवाला शांत होता. ‘टोटल इक्लिप्स’च्या लेखनातही हॅरिस आणि डेव्ह मरे यांच्याबरोबर क्लाइव्ह बरचं नाव आहे, हे त्याला ठाऊक होतं. कुठलंही गाणं राहो, कुठलंही जावो, त्याची खुर्ची पक्की. त्या दिवसापासून दाजी ‘गँगलँड’च्या बाजूने बोलतात आणि सवयीने कधी कधी विरुद्धही, दोन्ही एकाच वाक्यात.

पुढच्या श्रावणात वास्कोच्या सप्ताहात याचा पुढचा अंक झाला. प्लेगच्या साथीनंतर सुरू झालेला हा दामोदराचा भजनी सप्ताह सव्वाशे वर्षांचा. नाव सप्ताह, भजन चोवीस तास अखंड, आणि फेरी त्यानंतरही कितीतरी दिवस हलत नाही. दाजींच्या मंडळाची पाळी रात्री उशिराची. देवळाबाहेर फेरीत खाज्याचा पुडा उघडून चौघे उभे होते आणि डिचोलीकरांनी साधाच प्रश्न टाकला: ‘मग आता तुला ऐकवत नाही असं कुठलं?’ दाजी गडबडले. पायाखालचं कारणच गेलेलं. थोडा विचार करून त्यांनी ‘इन्व्हेडर्स’चं नाव घेतलं, पण आवाजात जोर नव्हता, नव्या जागी बदली झालेल्या कारकुनासारखे बोलले. आतून बोलावणं आलं म्हणून सुटले. त्या रात्री पेटी वाजवताना मात्र त्यांनी पखवाजवाल्याला मनमुराद वाजवू दिलं, आणि तो इतका सुटला की गाणाऱ्याला समेवर पोचायला धावावं लागलं.

या सगळ्यात दाजींच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, कोणी विचारलं नव्हतं. वहिनी डिचोलीच्या बाजूच्या. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातून हा अल्बम ऐकत आलेल्या. त्यांचं एक आवडतं गाणं आहे: ‘ट्वेंटीटू अकेशिया अॅव्हेन्यू’. भाजी परतताना त्या ते गुणगुणतात. नावात पत्ता आहे, म्हणून त्यांना ते एखाद्या सुखी कुटुंबाच्या घराचं गाणं वाटतं. गाणं प्रत्यक्षात शार्लट नावाच्या वेश्येचं आहे. दाजींनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हे सांगायचं ठरवलं होतं; मग राहून गेलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाने चिखलीला फ्लॅट घेतला. रविवारी बैठक भरलेली असताना वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘वास्तुशांतीला नुसती सनई नको. ते तुमचं घराचं गाणं लावा हो. बावीस नंबरचं. फ्लॅटही बावीसच आहे.’

गॅलरीत शांतता पसरली. पात्रांवनी वर छताकडे पाहिलं.

‘ते नको,’ दाजी म्हणाले. ‘त्यात... त्यात बेस नीट नाही.’

‘मध्येच लय बदलते,’ पखवाजवाला म्हणाला. ‘होमाला बरं नाही दिसणार.’

‘डिआनोने गायलं असतं तर गोष्ट वेगळी,’ डिचोलीकर.

‘‘गँगलँड’ लावूया,’ दाजी म्हणाले, आणि तिघांनी माना डोलावल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

‘बरं, बघू,’ म्हणून वहिनी कप गोळा करून आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला. डिचोलीकरांनी दाजींकडे वळून पाहिलं.

‘बेस नीट नाही?’ ते म्हणाले. ‘त्या गाण्यात? स्टीव्ह हॅरिसचा? तुका कितें कळटा मरे?’

‘मग काय सांगायला पाहिजे होतं? आणि डिआनो कुठून आला त्यात?’ दाजींनी खुर्ची पुढे ओढली. ‘लय बदलते म्हणे! तीच तर जागा आहे त्या गाण्यातली!’

‘ते मी वहिनींना म्हटलं,’ पखवाजवाला म्हणाला, ‘तुम्हांला नव्हे.’